करार कुणी वाचला?

(युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलणं होतं तसंच ठेवलं आहे.)

शिबिराच्या पत्रकावर माझ्या नावापुढं ‘विलायतेचा करार’ असं छापलंय. ते वाचून मघाशी चहाच्या टपरीवर दोघंतिघं हसले. एकजण म्हणाला, आपल्या वस्तीत नळाला पाणी नाही आणि हा गडी लंडनच्या पार्लमेंटवर बोलणार! हसा. पण ऐकून घ्या आणि मग हसा.

मी गोदीत हमाली करतो. मॅट्रिकच्या पुढं शिकलो नाही. कविता लिहितो, त्या तुमच्यातल्या काहींनी वाचल्यात. पंडितासारखं बोलणं मला जमणार नाही. मला ओझं कळतं. कुठलं ओझं कुणाच्या खांद्यावरनं उतरलं आणि कुणाच्या मानेवर गेलं, एवढं मला नीट दिसतं. ब्रेक्झिटच्या कराराचं भांडण मी त्याच नजरेनं बघितलं.

आमच्या टोळीत एक गोवेकर आहे. त्याचा मेहुणा इंग्लंडात स्विंडन नावाच्या शहरात गोदामात कामाला. माणूस गोव्याचा, पासपोर्ट पोर्तुगालचा. गोवा १९६१पर्यंत पोर्तुगीजांकडं होता. त्या काळात गोव्यात जन्मलेल्यांना, त्यांच्या मुलांना, नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मागता येतं. असे हजारो गोवेकर कागदावर युरोपियन झाले आणि इंग्लंडात जाऊन राबायला लागले. १५ जानेवारी २०१९ला आमची रातपाळी होती. मी टोळीत नवा होतो. मध्यरात्र उलटली, तासभर विंच बंद पडला, तेव्हा हा गोवेकर गोणीवर बसून मोबाईलमध्ये ब्रिटनचं पार्लमेंट बघत होता. एकच्या सुमाराला म्हणाला, “पडला. करार पडला. आता मेहुण्याचं काय?” मी विचारलं, “करारात मेहुण्याबद्दल काय लिहिलंय?” तो गप्प झाला. त्याला माहीत नव्हतं. मेहुण्यालाही माहीत नव्हतं. त्या रात्रीपासून मी हे वाचत आलोय.

आधी थोडक्यात हकिकत. २३ जून २०१६ला ब्रिटनमध्ये सार्वमत झालं. प्रश्न एका ओळीचा: युरोपीय संघात राहायचं, की बाहेर पडायचं? ७२ टक्के लोकांनी मत दिलं. १ कोटी ७४ लाख म्हणाले बाहेर पडा, १ कोटी ६१ लाख म्हणाले राहा. ५१.९ विरुद्ध ४८.१. झालं, बाहेर पडायचं ठरलं. पण कुठल्या दारानं, काय सामान घेऊन, कुणाला मागं टाकून, यातलं एक अक्षर मतपत्रिकेवर नव्हतं.

बाहेर पडणाऱ्यांची घोषणा होती तीन शब्दांची, ‘टेक बॅक कंट्रोल’. कारभार परत आपल्या हातात घ्या. मी कवी आहे, घोषणेची नशा मला माहीत आहे. अशी ओळ मला सुचली असती तर मी रात्रभर नाचलो असतो. ज्याच्या हातात आयुष्यात कधीच काही नव्हतं, त्याला ही ओळ थेट काळजात लागते. आणि त्याला कुणी सांगितलं नाही की कारभार परत येणार, पण येणार कुणाच्या हातात?

घोषणेबरोबर खोटंही होतं. लाल बसवर लिहिलं होतं, आठवड्याला ३५ कोटी पौंड युरोपला पाठवतो, ते दवाखान्यांना देऊया. हा आकडा दिशाभूल करणारा आहे असं ब्रिटनच्याच सरकारी आकडेवारीवर देखरेख करणाऱ्या संस्थेनं सांगितलं. बस फिरतच राहिली. निर्वासितांच्या लांबलचक रांगेचा फोटो लावून एक पोस्टर निघालं, जणू ही सगळी रांग तुमच्या दारात येणार आहे. ते पोस्टर ज्या दिवशी लावलं त्याच दिवशी, १६ जून २०१६ला, जो कॉक्स या मजूर पक्षाच्या खासदार बाईचा एका गोऱ्या वंशवाद्यानं भर रस्त्यात खून केला. हे विसरू नका.

आता आपल्यातले काही इंग्रजी शिकलेले दोस्त म्हणतात, बाहेर पडा म्हणणारे सगळे वर्णद्वेषी. मला हे पटत नाही. सन्डरलंडनं ६१ टक्के मतं बाहेर पडायला दिली. त्या गावात जहाजं बांधायचे. शेवटचे कारखाने १९८८ला बंद झाले. बापाच्या हातात हातोडा आणि पोराच्या हातात काहीच नाही, हे गिरणगावच्या पोरांना समजावून सांगायला पाहिजे का? त्या रागात वर्णद्वेष मिसळला होता, मी नाकारत नाही. पण राग खरा होता. तो राग भांडवल म्हणून वापरणारे वेगळे होते आणि त्यांची घरं कधीच बंद पडली नाहीत.

दुसरे काही दोस्त म्हणतात, युरोपीय संघ म्हणजे भांडवलदारांचा क्लब, मोडला तर बरंच. हेही जुनं भांडण आहे. १९७५ला ब्रिटनमध्ये याच प्रश्नावर सार्वमत झालं तेव्हा मजूर पक्षातला डावा टोनी बेन बाहेर पडा म्हणून फिरत होता. त्यात तथ्य नाही असं कोण म्हणेल? २०१५ला ग्रीसचं काय झालं ते आपण बघितलं. पण क्लब मोडून तुम्ही काय बांधणार, हे लिहून दाखवा. घोषणेवर मी सही करत नाही.

आणि लिहून दाखवायची वेळ आलीच. १४ नोव्हेंबर २०१८ला पंतप्रधान थेरेसा मे यांनी करार बाहेर काढला. ५८५ पानं! मत दिलं एका ओळीवर, हिशेब आला ५८५ पानांचा.

त्यात मुख्य गोष्टी तीन. पहिली, माणसं. ब्रिटनमध्ये राहणारे तीस लाखांहून जास्त युरोपीय नागरिक, आणि युरोपात राहणारे ब्रिटिश, यांचे राहण्याकमावण्याचे हक्क टिकणार. आमच्या गोवेकराचा मेहुणा याच भागात बसलेला होता. दुसरी, पैसा. आधी कबूल केलेल्या देण्याचा हिशेब, अंदाजे ३९ अब्ज पौंड. तिसरी गोष्ट आयर्लंडची हद्द. आणि सगळी आग या तिसरीत होती.

गोदीत काम करणाऱ्याला हद्द म्हणजे फाटक, कस्टमचा शिक्का, कंटेनरचं सील, ट्रकची रांग आणि त्या रांगेत नासणारा माल. दोन देशांची जकात वेगळी, मालाचे नियम वेगळे, म्हंजे कुठंतरी माल थांबवून बघावा लागणारच. मुकादम कितीही ओरडला तरी ओझं हवेत राहत नाही. उत्तर आयर्लंड ब्रिटनचा भाग. त्याला लागून दक्षिणेला आयर्लंड देश, तो युरोपीय संघात. ब्रिटन बाहेर पडला तर तपासणी कुठं करणार? एक, या दोघांच्या मधल्या जमिनीवर. दोन, उत्तर आयर्लंड आणि बाकी ब्रिटन यांच्या मधल्या समुद्रात, म्हंजे बंदरांवर. तीन, कुठंच नाही; पण मग सगळ्या ब्रिटननं युरोपचेच जकातीचे नियम पाळायचे. चौथी जागा नाही. चौथी जागा आहे असं जे सांगत होते त्यांनी कधी गोदी बघितलेली नव्हती.

जमिनीवरची हद्द का चालणार नव्हती, हे आपल्याला तर कळायलाच पाहिजे. १९२१ला आयर्लंडची फाळणी झाली. उत्तरेत प्रोटेस्टंटांचं राज्य आलं. डेरी नावाच्या शहरात कॅथलिक जास्त, पण वॉर्डांच्या रेघा अशा मारलेल्या की सत्ता कायम दुसऱ्यांची. नगरपालिकेचं घर मिळणार नाही, आणि घरपट्टी भरणारं घर नाही म्हणून स्थानिक निवडणुकीत मतही नाही. १९६८ला तिथली पोरं अमेरिकेतल्या काळ्यांच्या लढ्याकडं बघून रस्त्यावर आली. ‘एक माणूस, एक मत’ ही त्यांची मागणी. ३० जानेवारी १९७२ला त्याच डेरीत लष्करानं मोर्च्यावर गोळ्या घातल्या, तेरा माणसं जागेवर मेली. त्याच १९७२ला मुंबईत आपल्या आधीच्या पिढीची पोरं अमेरिकेतल्या काळ्या पँथरांचं नाव घेऊन रस्त्यावर आली होती. तिकडं पुढं तीस वर्षं बॉम्ब, बंदुका, साडेतीन हजारांच्या आसपास माणसं मेली. १० एप्रिल १९९८ला शांततेचा करार झाला. हद्दीवरच्या लष्करी चौक्या निघाल्या. पाचशे किलोमीटरची हद्द, दोनशेवर रस्ते तिला ओलांडतात, आणि आज तिथनं जाताना हद्द कधी मागं पडली ते कळत नाही. तिथं पुन्हा फाटक उभं करणार? आणि हेही बघा: उत्तर आयर्लंडनं सार्वमतात ५५.८ टक्के मतं राहायलाच दिली होती. ज्यांच्या अंगणात हद्द पडणार, त्यांनी ती मागितलीच नव्हती.

मे बाईंनी तोडगा काढला, ‘बॅकस्टॉप’. दुसरा उपाय सापडत नाही तोवर सगळा ब्रिटन युरोपबरोबर एकाच जकातीच्या छताखाली राहणार, आणि उत्तर आयर्लंडला मालाचे आणखी काही युरोपीय नियम लागू. ब्रिटनला एकट्याच्या मर्जीनं यातून निघता येणार नाही.

आणि मग जो गदारोळ उठला! दुसऱ्याच दिवशी ब्रेक्झिट खात्याचाच मंत्री राजीनामा देऊन गेला. हुजूर पक्षातले कडवे म्हणाले, ही गुलामी आहे, बाहेर पडून पण आत. उत्तर आयर्लंडचा डीयूपी पक्ष, ज्याच्या दहा खासदारांवर सरकार उभं होतं, तो म्हणाला, आम्हाला वेगळे नियम म्हणजे आम्हाला ब्रिटनपासून तोडणं. मजूर पक्ष म्हणाला, कामगारांच्या हक्कांची हमी पातळ आहे, कायमचा जकात संघ पाहिजे. स्कॉटलंडचा पक्ष म्हणाला, आमच्या ६२ टक्के लोकांनी राहा म्हणून सांगितलंय, आम्हाला का ओढता? तिकडं २० ऑक्टोबर २०१८ला आणि परत २३ मार्च २०१९ला लंडनच्या रस्त्यांवर लाखोंचे मोर्चे निघाले: करार लोकांपुढं ठेवा, पुन्हा मत घ्या. बाहेर पडणंच रद्द करा म्हणून साठ लाखांवर सह्या झाल्या. आणि मार्चमध्येच त्या सन्डरलंडमधनं दुसरा मोर्चा लंडनकडं चालत निघाला: आमच्या मताशी गद्दारी करू नका.

१५ जानेवारी २०१९च्या त्या रात्री ४३२ मतं कराराविरुद्ध पडली, बाजूनं २०२. आमच्या गोवेकराच्या मोबाईलवर मी तो आकडा बघितला. इतका मोठा पराभव तिथल्या कुठल्याच सरकारचा झाला नव्हता. मे बाईंच्या स्वतःच्या पक्षाचे ११८ जण विरोधात होते. पार्लमेंटच्या बाहेर दोन्ही बाजूंचे लोक जमले होते आणि दोघंही ओरडले, जिंकलो! एकाला वाटलं आता राहणार, दुसऱ्याला वाटलं आता साफ तोडणार. एकाच आकड्यावर दोन शत्रू नाचत होते. १२ मार्चला करार परत आला, ३९१ विरुद्ध २४२नं पडला. २९ मार्चला, ज्या दिवशी बाहेर पडायचं होतं नेमक्या त्याच दिवशी, तिसऱ्यांदा पडला, ३४४ विरुद्ध २८६. मधल्या काळात खासदारांनी स्वतःच आठ पर्याय मतदानाला टाकले. आठच्या आठ पडले. १ एप्रिलला परत चार टाकले. जकात संघाचा पर्याय तीन मतांनी गेला, लोकांना पुन्हा विचारा हा ठराव बारा मतांनी गेला. काय नको ते सगळ्यांना ठाऊक होतं. काय पाहिजे ते लिहायला एकाचाही हात उचलत नव्हता.

सरकारची तयारी काय होती? करार नाही झाला तर डोव्हर बंदरावर ट्रकांचा खच पडेल, म्हणून जानेवारीत रंगीत तालीम केली. डोव्हरवरनं दिवसाला दहा हजारांपर्यंत ट्रक जातात. तालमीला ट्रक किती? ८९. जादा बोटींचं कंत्राट एका कंपनीला दिलं, तिच्याकडं एकही बोट नव्हती! फेब्रुवारीत ते रद्द केलं. आमच्या धक्क्यावरच्या पोरालासुद्धा कळलं असतं की बोटीच्या कंत्राटाला बोट लागते.

आता या गोंधळात बुडालेली एक गोष्ट सांगतो, ती आपली आहे. जातीवरून भेदभाव करणं कायद्यानं बंद करा म्हणून ब्रिटनमधल्या आपल्या माणसांनी वर्षानुवर्षं लढा दिला. २०१३ला पार्लमेंटनं सरकारवर बंधन घातलं की समता कायद्यात जात घाला. पाच वर्षं चालढकल झाली. २३ जुलै २०१८ला सरकारनं जाहीर केलं, घालणार नाही, कोर्टाच्या निकालांवर भागेल. त्याच महिन्यात डेव्हिस आणि जॉन्सन ब्रेक्झिटवरून मंत्रिपदं फेकून गेले होते, वर्तमानपत्रांची पानं त्यांनीच भरलेली. पार्लमेंट सार्वभौम पाहिजे म्हणून जे छाती बडवत होते, त्यांच्या सरकारनं त्याच पार्लमेंटनं घातलेलं बंधन बाजूला सारलं. छाती बडवणाऱ्यातला एकही त्यासाठी राजीनामा देऊन गेला नाही. कारभार कुणाच्या हातात येणार, याचं उत्तर आपल्या माणसांना २०१८लाच मिळालं.

मग माझं म्हणणं काय? मागच्या बैठकीत याच्यावर आपलं भांडण झालं होतं. आपला एक साथी म्हणाला, पुन्हा मत घ्या म्हणणं ही हरलेल्यांची रड आहे. मनासारखा निकाल येईपर्यंत विचारत राहायचं, ही प्रस्थापितांची जुनी खोड. त्याची भीती खोटी नाही. पुन्हा मत मागणाऱ्यात असे पुष्कळ होते ज्यांना सन्डरलंडचा आवाज नुसता पुसून टाकायचा होता. त्यांनी सन्डरलंडला जाऊन विचारलं असतं की बाबा, तुझं काय मेलं, तर ती बारा मतंही मिळाली असती असं मला वाटतं. पण तरी मी म्हणतो, करार हातात देऊन लोकांना विचारणं ही गद्दारी होत नाही. पहिल्यांदा नुसतं ‘निघायचं का’ विचारलं होतं. आता ‘या अटींवर निघायचं का’ विचारा. हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

करार हा शब्द ऐकला की आपल्या पोटात काहीतरी हलतं. २४ सप्टेंबर १९३२, पुणे करार. येरवड्यात गांधींचा उपास, बाबासाहेबांवर सगळ्या देशाचा दबाव. स्वतंत्र मतदारसंघ गेले, प्रांतांत ७१च्या जागी १४८ राखीव जागा आल्या. त्यावर आपण आजही भांडतो, भांडलंच पाहिजे. पण बाबासाहेब त्या खोलीत कसे बसले होते ते बघा. जागांचे आकडे, प्राथमिक निवडणूक, मुदत, एकेका कलमावर ते अडून बसले. आणि राखीव जागा पुढं काढायच्या की नाहीत हे अस्पृश्यांच्याच सार्वमतानं ठरावं, ही मागणी त्यांनी लावून धरली. पाच वर्षांनी की दहा वर्षांनी यावर ताणाताण झाली, शेवटी ते कलमच करारात आलं नाही. म्हंजे ज्याच्या मानेवर ओझं, त्याला पुन्हा विचारा, हे बाबासाहेबांनी तेव्हाच मागितलं होतं. आपल्याला ते मिळालं नाही. ते न मिळणं काय असतं हे आपल्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक?

आता माझ्या घरचा करार. माझा बाप गोदीत कायम कामगार होता. स्वेच्छानिवृत्तीचा करार आला तेव्हा फाटकावर सभा झाली. पुढारी टेबलावर चढला आणि ओरडला, “रक्कम मिळणार, पोरांना कामावर घेणार, मान्य आहे का?” हजार हात वर गेले. बापाचाही गेला. रक्कम मिळाली, दोन वर्षांत संपली. पोराला घेण्याचं कलम कागदावर नव्हतंच. ते फक्त टेबलावर होतं. मी आज ठेकेदाराच्या हजेरीवर हमाली करतो ती त्या न लिहिलेल्या कलमामुळं. बाप शेवटपर्यंत म्हणायचा, “मी हात वर केला, पण वाचलं नाही रे.” विलायतेच्या भांडणात मला माझा बाप दिसतो. सन्डरलंडच्या म्हाताऱ्यानं हात वर केला, त्याला कुणी वाचून दाखवलं नाही.

शेवट काय झाला? मे बाई गेल्या. जॉन्सन आला. त्यानं पार्लमेंटच बंद ठेवायला बघितलं. २४ सप्टेंबर २०१९ला अकरा न्यायाधीशांनी एकमुखानं सांगितलं, हे बेकायदा आहे. ऑक्टोबरात त्यानं नवा करार आणला. ओझं उचललं आणि समुद्रात टाकलं, म्हंजे उत्तर आयर्लंडच्या बंदरांवर. तिथल्या व्यापाऱ्यांना सांगितलं, कुणी फॉर्म भरायला लावला तर कचऱ्याच्या पेटीत टाका. डिसेंबरात ८० जागांचं बहुमत मिळालं. ३१ जानेवारी २०२०ला ब्रिटन बाहेर पडला. २०२१च्या जानेवारीत बेलफास्ट आणि लार्नच्या बंदरांत फॉर्म आले, तपासणी आली. भिंतींवर धमक्या लिहिल्या गेल्या, आणि फेब्रुवारीत तपासणी करणाऱ्या माणसांना काही दिवस कामावरनं काढून घरी न्यावं लागलं. सह्या लंडनमध्ये झाल्या, धमकी आली बंदरावर उभ्या माणसाला. एप्रिलमध्ये बेलफास्टच्या गरीब प्रोटेस्टंट वस्त्यांतली बारातेरा वर्षांची पोरं पेट्रोल बॉम्ब फेकत होती. १९९८च्या करारानंतर जन्मलेली पोरं! २०२३ला विंडसरमध्ये परत नवा समझोता करून तपासणी हलकी केली. ओझं हलकं झालं, उतरलं नाही.

आमच्या गोवेकराच्या मेहुण्यानं ३० जून २०२१च्या आत अर्ज केला. त्याला राहायचा हक्क मिळाला. पण हातात कागद नाही, सगळं कॉम्प्युटरवर. घरमालकानं विचारलं तर मोबाईल उघडून दाखवायचं. तो म्हणतो, रेंज गेली की मी बेकायदा.

दोस्तहो, आपण घोषणा देणारी माणसं आहोत. घोषणेशिवाय आपल्याला कुणी ऐकलंच नसतं. मी घोषणा सोडा म्हणत नाही, मीच तुम्हाला लिहून देतो. पण मोर्च्याच्या शेवटी शिष्टमंडळ आत जातं, एक कागद घेऊन बाहेर येतं, आणि आपण टाळ्या वाजवून घरी जातो. इथनं पुढं तो कागद पहिल्या पानापासनं शेवटच्या पानापर्यंत रस्त्यावर उभं राहून मोठ्यानं वाचायचा. ज्याला वाचता येतं त्यानं वाचायचा, ज्याला येत नाही त्यानं मध्ये थांबवून विचारायचं: हे ओझं कुणाच्या खांद्यावर? उत्तर मिळेपर्यंत हात खाली.

पुढच्या महिन्यात आमच्या ठेकेदाराचा नवा करार येतोय. बारा पानांचा आहे म्हणतात. मी टोळीला सांगून ठेवलंय, जेवणाच्या सुट्टीत वाचायचा. गोवेकर म्हणाला, मी पण बसतो.

जय भीम.